पहिली ओळ खोडायची नाही

…आणि मग बेकरीवाल्या बाई पिठाचे हात ॲप्रनला पुसत बाहेर आल्या नि माझ्या शेजारी बाकावर टेकल्या. काल आपण इथेच थांबलो होतो. गोष्ट तोडायची ती जागा नव्हती, हे मलाही कळतं. पण आमच्या हिनं जेवायला हाक मारली, आणि तिच्या दुसऱ्या हाकेची वाट पाहण्याची हिंमत मी पन्नास वर्षांत केलेली नाही.

काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगतो. बाकीच्यांनी तोवर चहा घ्यावा.

गोष्ट आमच्या धाकटीची आहे. धाकटी म्हणजे धाकटी सून. चौदा वर्षं ती एका मोठ्या कारखान्यात होती. कुठलं यंत्र कुठे ठेवायचं, माल कुठल्या दारानं आत यावा, कोणत्या माणसानं दिवसात किती पावलं चालावं, हे ठरवणं तिचं काम. पहिली दोन वर्षं मला वाटायचं, ती तिथे सामान हलवते. मी तसं चारचौघांत सांगायचोही. मग एकदा तिनंच मला कागद-पेन्सिल घेऊन समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी मी चौघांना पुन्हा गाठून दुरुस्ती केली.

गेल्या वर्षी तिनं ती नोकरी सोडली. कारण विचारलं तर म्हणाली, "बाबा, मोठ्यांना सल्ला द्यायला दहाजण रांगेत उभे असतात. ज्याच्या दुकानात चारच माणसं आहेत, त्याला कोण सांगतं?" छोट्या धंदेवाल्यांना सल्ला द्यायचा आणि त्याची फी घ्यायची, असं तिनं ठरवलं. स्वतःला मुदत घातली एका वर्षाची. वर्षभरात या फीवर घराचा अर्धा भार उचलता आला तर ठीक, नाहीतर परत कारखान्यात. साहेबही भला माणूस. तिच्या जागी त्यानं तात्पुरता कोणीतरी बसवला आणि सांगितलं, "वर्ष संपायच्या दिवशी मी फोन करीन. हो किंवा नाही, तेव्हा सांग."

तर मी बाकावर बसलो होतो तेव्हा त्या वर्षातले दहा महिने संपले होते, आणि घराचा अर्धा काय, पाव भारही उचलला जात नव्हता.

त्या वेळी धाकटी तासावर फी घ्यायची. दुकानात गेली की घड्याळ काढून टेबलावर ठेवायची, कागदावर लिहायची, सुरुवात नऊ दहा. निघताना लिहायची, शेवट दहा चाळीस. सरळ, स्वच्छ व्यवहार. मलाही तो पटला होता. बेकरीवाल्या बाईंकडे ती अशी चारदा जाऊन आली होती. बाईंची अडचण अशी, की पाव सकाळी नऊलाच संपायचा आणि त्यानंतर आलेलं गिऱ्हाईक हात हलवत परत जायचं. धाकटीनं सगळं मोजून मापून सल्ला दिला, अकरा वाजता दुसरी भट्टी लावा. आठ दिवस लावली. पाव असा बसका आणि चिवट निघाला, की एका गिऱ्हाइकानं तो काउंटरवर आपटून आवाज ऐकवला.

म्हणून पाचव्यांदा जायची वेळ आली. मी गाडीत होतो, कारण मला डोळ्यांच्या दवाखान्यातून घरी सोडायचं होतं. धाकटी आत भट्टीपाशी गेली, मी बाहेर बाकावर बसलो, आणि बाई येऊन टेकल्या.

आता बाकावर माणूस शेजारी बसलं की मी गप्प राहत नाही, हा माझा दोष आहे. मी विचारलं, "काय बाई, एवढ्या पहाटे उठता, झोप पुरते का?" बस्स. एवढंच विचारलं. बाईंचं तोंड जे उघडलं ते पाऊण तास. भट्टी बाईंची, पण पीठ मळतो त्यांचा मोठा भाऊ. बाईंच्या मुलांचा तो मामा, म्हणून सगळी गल्ली त्याला मामाच म्हणते. मामा रात्री तीनला उठतो. सहा महिन्यांपूर्वी मामाचा उजवा खांदा धरला. पहाटेचं पीठ तो कसंबसं मळतो, पण दहानंतर हात वरच जात नाही. डाव्या हातानं मळतो आणि कुणी आत आलं की पाठ फिरवून उभा राहतो. बाईंना माहीत आहे. मामाला माहीत आहे, की बाईंना माहीत आहे. पण दोघांनी एकमेकांशी चकार शब्द काढलेला नाही.

मी म्हटलं, "अहो, हे आमच्या धाकटीला का नाही सांगितलं? तिनं अकराला दुसरी भट्टी लावायला सांगितली, ती कुणाच्या हातावर?"

बाईंनी खाली बघत ॲप्रनची नाडी बोटाला गुंडाळली. म्हणाल्या, "घड्याळ समोर असायचं ना हो आजोबा. हे सांगायला वेळ लागला असता. मधे मला रडू आलं असतं. रडण्याचे पैसे कशाला द्यायचे?"

आमच्या गावच्या शाळेत गुरुजी काळ-काम-वेगाची गणितं घालायचे. तीन मजूर एक भिंत चार दिवसांत बांधतात, तर सहा मजूर किती दिवसांत? मी एकदा उभा राहिलो आणि विचारलं, "गुरुजी, त्यातल्या एकाला ताप आला तर?" गुरुजींनी उत्तर माझ्या तळहातावर दिलं, छडीनं. माझा प्रश्न बरोबर होता हे मला सत्तर वर्षांनी, त्या बाकावर बसून कळलं. गुरुजी असते तर जाऊन सांगितलं असतं.

घरी येताना मी धाकटीला सगळं सांगितलं. तिनं गाडी रस्त्याच्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मला वाटलं, आता बाईंवर चिडणार. चार खेपा झाल्या, एवढी मुख्य गोष्ट लपवली, राग येणारच.

"बाबा, आठवतंय तुम्हाला? नाणं टाकून फोन करायचो," ती म्हणाली. "शेवटचं मिनिट आलं की माणूस कसं बोलायचं?"

"पटापट. आणि महत्त्वाचं राहूनच जायचं. तुझ्या सासूनं एकदा मला अख्खी यादी सांगितली आणि कुठल्या गाडीनं येणार तेच सांगितलं नाही."

"माझ्यासमोर सगळे तसंच बोलतात. मला वाटायचं, या लोकांना वेळेची कदर आहे." तिनं गाडी चालू केली. "चूक त्यांची नाही. माझ्या दराची आहे."

दुसऱ्या दिवशी ती बेकरीत गेली ती घड्याळ घरी ठेवून. मामाजवळ पिठाच्या पोत्यावर बसून राहिली. सल्ला बदलला. पीठ आदल्या संध्याकाळी मळायचं, मामाचा खांदा विसावलेला असताना, आणि थंड कपाटात ठेवायचं. अकराला फक्त भाजायचं. त्या वेळी मामा काउंटरवर. या सगळ्याची एक दमडी तिनं घेतली नाही. माझा सल्ला चुकला, तो मीच दुरुस्त करणार, असं म्हणाली. आणि चार दिवसांनी जेवणाच्या टेबलावर तिनं घरात जाहीर केलं, की आजपासून तासाचा दर बंद. एका कामाची एक फी, आधी सांगितलेली. मग गिऱ्हाईक दोन तास बोलो नाहीतर दोन दिवस.

"किती?" आमच्या धाकट्यानं, म्हणजे तिच्या नवऱ्यानं विचारलं.

तिनं त्याआधी तीन दिवस कागद काळे केले होते. आजवर ती दुकानात उभं राहिल्याचेच तास धरत होती. घरी बसून नकाशे काढायची, पुन्हा पुन्हा चक्कर मारायची, झोपेतसुद्धा "टेबल डावीकडे घ्या" म्हणायची, ते कुठेच धरलेलं नव्हतं. ते सगळं धरून, आणि वर्षात आपल्याच्यानं बाराच कामं नीट होतील असं मानून, तिनं आकडा काढला. तो तिनं सांगितला. मी इथे फोडत नाही. एवढंच सांगतो, की माझा चहा नाकातून आला.

आमची ही म्हणाली, "अगं बाई, एवढ्यात तर लोक दुकान विकून मोकळे होतील!"

धाकटा म्हणाला, "अगं, तासाचा दर लहान दिसतो म्हणून लोक हो म्हणतात. हा आकडा ऐकून पळतील."

"पळू देत," धाकटी म्हणाली. "दोन महिने आहेत. या फीवर एकही मिळालं नाही तर साहेबांना हो म्हणीन. पण तासावर बसून वर्ष पुरं केलं, असं नको."

आणि तिनं आणखी एक केलं. एक कागद तयार केला. त्यावर कामाच्या सात ओळी. पहिली, दुकानातल्या प्रत्येक माणसाचं पूर्ण ऐकून घेणं. दुसरी, आठवडाभर काम चालताना बघणं. मग मोजमाप, नकाशा, बदल करताना हजर राहणं, माणसांना शिकवणं, आणि सातवी, तीन महिन्यांनी पुन्हा येऊन तपासणं. खाली फी. गिऱ्हाइकानं कमी करा म्हटलं, की ती आकड्याला हात लावायची नाही, त्याच्या हातात पेन्सिल द्यायची. म्हणायची, "तेवढ्याच कामाची फी कमी होणार नाही. काम कमी करा. नको ती ओळ खोडा, तिची फी मी वजा करते."

मी म्हटलं, हे झकास आहे. आता एकही गिऱ्हाईक हातचं जाणार नाही.

पहिला गेला तो छापखानेवाला. मी बरोबर होतो. डोळ्याच्या थेंबांचं निमित्त करून मी आता सगळीकडे जायला लागलो होतो. छापखानेवाल्यानं कागद हातात धरला, आकडा बघून भुवया टाळूपर्यंत नेल्या, आणि पेन्सिल मिळताच क्षणाचाही विचार न करता पहिल्याच ओळीवर टेकवली.

"हे ऐकून घेणं काय आहे? ऐकायचं काय त्यात? माझी पोरं कामाला आहेत, भाषणं द्यायला नाही. हे काढा."

"ती ओळ निघणार नाही," धाकटी म्हणाली. "दुसरी कुठलीही काढा."

"म्हणजे ऐकण्याचे पैसे लावता तुम्ही?"

"ऐकल्याशिवाय बाकीच्या सहा ओळी मला येत नाहीत. एकदा न ऐकता केल्या, त्या चुकल्या."

"बाई, गिऱ्हाईक नको म्हणतंय ते त्याच्या गळ्यात मारायचं, ही कुठली रीत?"

"मग राहू द्या," असं म्हणून तिनं कागदाची घडी घातली, पेन्सिल मागून घेतली आणि नमस्कार केला. मी उठायच्या आत ती दाराबाहेर होती. दार लोटताना छापखानेवाला मला म्हणाला, "आजोबा, सुनेला जरा सांगा." मी म्हटलं, "मला सांगायची सोय नाही, मला ऐकायला आणलंय."

दुसरा, सुतार. त्यानंही पहिलीच ओळ खोडली. तिसरी, शिवणकामवाली. तिनं तर पेन्सिल अशी दाबली की कागद फाटला. सातातली तीच ओळ सगळ्यांना फुकटची वाटायची. नकाशा दिसतो, मोजमाप दिसतं. ऐकणं दिसत नाही. आणि धाकटी दर वेळी घडी घालून, पेन्सिल परत घेऊन, नमस्कार करून बाहेर. घरी यायची, हातपाय धुवायची, आणि उद्या कुणाकडे जायचं त्याची यादी काढून बसायची. एक दिवस मला राहवलं नाही. म्हटलं, "अगं, ती ओळ कागदावरून काढ आणि गुपचूप ऐक. कुणाला कळतंय?"

"मला कळतंय ना बाबा. गुपचूप ऐकलं की ते उपकार होतात. मग घाईचा दिवस आला की पहिलं तेच सुटतं. फीमध्ये धरलं की मला ते करावंच लागतं."

मी उठून तिच्या पेन्सिलीला टोक काढून दिलं, कुणी न सांगता केलेलं माझं हे जन्मातलं पहिलं काम. आमच्या हिला विचारा.

मुदत संपायला चार दिवस राहिले आणि बेकरीवाल्या बाईंनी लाँड्रीवाल्याला पाठवलं. पाठवलं म्हणजे काय, त्यांच्या दुकानात पाव घ्यायला आला असताना मामानंच त्याला बखोटीला धरून सांगितलं, डाव्या हातानं. लाँड्रीत कुणाचेच कपडे वेळेवर तयार नसायचे. दोन इस्त्र्या होत्या, तीन माणसं होती, तरी गिऱ्हाइकं रोज भांडायची. हा गृहस्थ म्हणजे कमालीचा गोड माणूस. गोड बोलत बोलत त्यानं धाकटीला तीन दिवसांत तीनदा नाही म्हटलं. पहिल्या दिवशी म्हणाला, "फी जरा जास्त आहे हो ताई." दुसऱ्या दिवशी म्हणाला, "निम्म्यात करा, मी दहा गिऱ्हाइकं देतो." तिसऱ्या दिवशी तर त्यानं कळस केला. हात जोडून म्हणाला, "ताई, तुम्ही पूर्वीसारखं तासावरच घ्या. मी पटापट बोलतो."

मला हसू आवरेना. पण धाकटी हसली नाही. तिनं पेन्सिल पुढे केली.

त्यानं कागद इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. पेन्सिल पहिल्या ओळीवर नेली.

"ती सोडून," धाकटी म्हणाली.

"का पण?"

"मामांना विचारा."

तो थांबला. मामानं त्याला काय सांगितलं होतं मला माहीत नाही, पण पेन्सिल पहिल्या ओळीवरून उठली. खाली खाली गेली. त्यानं सहावी खोडली, सातवी खोडली. "माणसांना मी शिकवीन. आणि तीन महिन्यांनी तुम्ही नाही आलात तरी चालेल." धाकटीनं त्या दोन ओळींची फी त्याच्यासमोर वजा केली आणि खाली दोघांनी सह्या केल्या. अगदी साधा प्रसंग. इस्त्रीची वाफ फुसफुसत होती. पण वर्षभरात पहिल्यांदा तिच्या दराचं काम तिला मिळालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला लाँड्रीवाला बोलायला बसला. दहा वाजेपर्यंत इस्त्र्या जुन्या झाल्या आहेत हे सांगितलं. अकरापर्यंत पाण्याबद्दल. बारापर्यंत माणसं कामचुकार आहेत, मग नाहीत, मग आहेत. धाकटी मधूनमधून एखादा शब्द लिहायची, बाकी नुसती मान. दीड वाजता त्यानं आम्हाला चहा पाजला. दोन वाजता, कप खाली ठेवता ठेवता, एकदम हळू आवाजात म्हणाला, "खरं सांगू का ताई? मला गिऱ्हाइकाला नाही म्हणता येत नाही. कुणी विचारलं, उद्या मिळेल का, की माझ्या तोंडून हो जातं. सगळ्यांना उद्याच कबूल केलेलं असतं. शंभर जणांचा उद्या. दोन इस्त्र्या कुठे पुरणार?"

मी मधे पडलो. म्हटलं, "अहो, आमच्या धाकटीला तर तुम्ही तीनदा नाही म्हणालात!"

"त्या गिऱ्हाईक थोड्याच होत्या आजोबा," तो म्हणाला, "मी गिऱ्हाईक होतो."

धाकटीनं वहीत एकच ओळ लिहिली आणि वही मिटली. येताना गाडीत म्हणाली, इस्त्र्यांना काही झालेलं नाही. काउंटरवर दुसरं माणूस बसवायचं आणि याला आत घ्यायचं. नकाशा लहानसाच होता. पण पाच तास ऐकलं नसतं तर तिनं तिसरी इस्त्री घ्यायला लावली असती, असं तीच म्हणाली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मुदत संपली. साहेबांचा फोन बरोबर दहाला आला. आम्ही सगळे टेबलाभोवती होतो आणि सगळे काहीतरी करत असल्याचं सोंग करत होतो. धाकटा वर्तमानपत्र धरून बसला होता, पानं उलटत नव्हती. आमची ही एकच शेंग दोनदा निवडत होती. आदल्या रात्री आम्हा दोघांचं बोलणं झालं होतं. एक गिऱ्हाईक मिळालं, तेही दोन ओळी खोडून. त्यावर हातची नोकरी सोडणं तिलाही जड जाईल, असं आमचं मत पडलं होतं. धाकट्यानं मात्र सकाळी एवढंच म्हटलं, "तू म्हणशील ते."

धाकटीनं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा टेबलावर ठेवला.

"बोल," साहेब म्हणाले. "टेबल मोकळं करून देतो तुझ्यासाठी. पगारही थोडा वाढवून देतो. पण आधी खरं सांग. तू ती नवी फी ठरवलीस म्हणे. त्या फीवर आजवर किती गिऱ्हाइकं मिळाली?"

"एक, साहेब," धाकटी म्हणाली.

साहेब हसले, वाईट नाही, चांगलंच हसले. "अगं, एका गिऱ्हाइकावर घर चालतं का? मग काय समजू, सोमवारी येतेस?"

धाकटीनं आमच्याकडे कुणाकडेच पाहिलं नाही. फोनजवळ वाकली आणि म्हणाली, "नाही साहेब, वर्षाला बारा कामं पुरतात, त्यातलं एक मिळालं. सोमवारी मला उरलेल्या अकरांतल्या पहिल्याकडे जायचंय, अजून तेवढी शोधायची आहेत. ते टेबल सध्याच्या माणसालाच कायमचं द्या. त्याचा डावीकडचा खण अडकतो, जरा वर उचलून ओढायला सांगा. याची फी घेत नाही."